जिवंत किडे पार्सलने मागवताना: पुण्यापर्यंतच्या वाटा, आणि पैसे कुठे बुडतात ते

काडीकिडे, खंडोबाचे किडे (मँटिस), राणीमुंग्या, भुंगेरे पाळायचे म्हटले तर पुण्यात दुकानात जाऊन निवडून आणायची सोय जवळजवळ नाही. पक्ष्यांच्या आणि माशांच्या दुकानांत मीलवर्म, सुपरवर्म मिळतात, पण ते खाद्य म्हणून. बाकी व्यवहार इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत चालतो. विकणारा बंगळुरूला, कोलकात्याला नाहीतर केरळात, आणि घेणारा कोथरूडला नाहीतर पिंपळे सौदागरला. हा आढावा त्या मधल्या अंतराचा आहे. किड्याची किंमत बऱ्याचदा किरकोळ असते, पार्सलचा खर्चच तिच्या वर जातो, आणि फसवणारा माणूस नेमके त्या पार्सलच्या नावावर पैसे काढतो.

फसवणारे दोन प्रकारचे. एकाकडे किडा नसतोच, फक्त फोटो असतात. दुसऱ्याकडे किडा असतो, पण तो प्रवासाला पाठवायचा कसा हे त्याला ठाऊक नसतं किंवा फिकीर नसते. पहिल्यात आपले पैसे जातात. दुसऱ्यात पैसेही जातात आणि एक जीव डब्यात तडफडून मरतो, म्हणून आमचा राग दुसऱ्यावर जास्त आहे.

दोघांनाही एकच प्रश्न विचारून बघा: "तुम्ही पार्सल कधी पाठवत नाही?" ज्याला कामाची जाण आहे तो लगेच सांगेल: गुरुवारनंतर नाही, कारण रविवार मधे येतो, कात टाकायला आलेला किडा नाही, एप्रिल-मेमध्ये कुरिअरने नाही, दिवाळीच्या आठवड्यात नाही. पुण्यापुरतं त्यात आणखी दोन तारखा हव्यात. विसर्जनाच्या दिवशी पेठांत गाडी शिरत नाही, आणि पालख्या शहरात असताना हडपसर-सासवडकडची वाहतूक वळवलेली असते. "कधीही पाठवतो, आज पैसे टाका, उद्या पार्सल" असं म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवावं.

पैसे देण्याआधी

फोटो पुरावा होत नाही. कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून तो किड्याशेजारी ठेवून व्हिडिओ मागा, आणि व्हिडिओत किडा हलताना दिसला पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे किडा आहे तो करतो. ज्याच्याकडे नाही त्याला त्या दिवशी अचानक गावाला जावं लागतं. जुने फोटो गूगल लेन्सवर टाकले की बहुतेक वेळा जपान, जर्मनी नाहीतर तैवानमधल्या कुणाच्या तरी पानावर सापडतात.

किड्याचं शास्त्रीय नाव, सध्याची अवस्था (कात टाकत वाढताना तो कितव्या पायरीवर आहे ते) आणि शेवटची कात कधी टाकली, या तीन गोष्टी लिहून घ्या. "मोठा मँटिस आहे, छान आहे" हे उत्तर नव्हे. "हायरोड्युला, चौथी अवस्था, मागच्या मंगळवारी कात टाकली" हे उत्तर.

यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. ते विक्रेत्याच्या नावाशी जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. आणि एक नियम काटेकोर पाळा: ठरलेली रक्कम दिल्यावर दुसऱ्यांदा मागणी आली की एक रुपयाही द्यायचा नाही. प्राण्यांच्या नावावरच्या फसवणुकीचा साचा सगळीकडे हाच आहे. आधी किड्याचे थोडके पैसे, मग "तापमान राखणारा डबा लागेल, त्याचे पैसे परत मिळतील", मग "विमा", मग "विमानतळावर कस्टमने अडवलंय". दरवेळी रक्कम वाढते आणि दरवेळी आधी गेलेले पैसे वाचवायचं आमिष असतं. क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे परत येतील" असं सांगितलं तर तोही सापळाच. पिन फक्त पैसे देताना टाकावा लागतो, घेताना कधीच नाही.

परदेशातून हर्क्युलिस भुंगेरा किंवा मादागास्करचं फुसकारणारं झुरळ थेट घरी आणून देतो म्हणणाऱ्याचा विचारच करू नका. जिवंत कीटक भारतात आणायला 1914 चा विनाशकारी कीटक व कीड कायदा आणि 2003 चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू होतो. परवाना केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांकडून घ्यावा लागतो. तो हौशी माणसाला चार दिवसांत व्हॉट्सॲपवर मिळत नाही. म्हणजे पार्सल येणारच नसतं, किंवा आलं तर चोरून आणलेलं असतं. हे प्रकरण जगभर किती गांभीर्याने घेतात ते केनियात दिसलं. परीक्षानळ्यांत भरलेल्या सुमारे 5,000 राणीमुंग्या जवळ सापडल्या म्हणून मे 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने दोन बेल्जियन तरुणांना प्रत्येकी 10 लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर वर्षभराची कैद सुनावली.

देशातल्या देशातही सगळं मोकळं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याची 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि त्याच्या अनुसूचींत बरीच फुलपाखरं आहेत. त्यामुळे "रानातून आणलेले" कोष आणि सुरवंट विकत घेणं टाळलेलंच बरं. किड्यांबरोबर हेच विक्रेते टॅरंटुला आणि विंचूही विकतात. ब्रॅकीपेल्मा टॅरंटुला आणि एम्परर विंचू सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत; ते जवळ ठेवायचे तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आपल्याकडच्या झाडांवरच्या रंगीत टॅरंटुला, म्हणजे पोसिलोथेरिया, 2019 मध्ये त्याच यादीत आल्या. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडे कागद नसतात.

पुण्यापर्यंतच्या वाटा

रात्रीची ट्रॅव्हल्सची बस: पाचपैकी चार तारे. बंगळुरूहून आणि हैदराबादहून यायला आमच्या मते हीच सगळ्यांत चांगली वाट आहे, आणि मासे पाळणारे लोक ती कित्येक वर्षं वापरतात. संध्याकाळी डबा बसमध्ये चढतो, सकाळी कात्रज, नवले पूल, चांदणी चौक किंवा वाकडला उतरवून घेता येतो. सगळा प्रवास रात्रीच्या गारव्यात होतो, हा मोठा फायदा. विक्रेत्याकडून बसचा नंबर, क्लीनरचा मोबाइल आणि डिकीत ठेवलेल्या डब्याचा फोटो बस सुटायच्या आधी घ्या. क्लीनरला द्यायचे पैसे आधी ठरवा आणि सुटे बरोबर ठेवा. बिघडतं ते इथे: बऱ्याच बसचं इंजिन मागे असतं, आणि मागच्या डिकीत इंजिनाला लागून ठेवलेला डबा रात्रभर भाजून निघतो. डबा पुढच्या डिकीत किंवा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवायला सांगणं हे विक्रेत्याचं काम आहे, ते त्याच्याकडून कबूल करून घ्या. दुसरी अडचण म्हणजे बस मुंबईला जाणारी असेल तर ती बायपासवर दोन मिनिटं थांबते. तुम्ही पोचला नाहीत तर डबा लोणावळ्याचा घाट उतरून जातो. पावती मिळत नाही, त्यामुळे भरपाईही नाही. एक तारा त्यासाठी कापला.

खाजगी कुरिअर: पाचपैकी दोन, तेही अंडी आणि कोषांसाठी. बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या अटींत जिवंत प्राणी नाकारलेले असतात. विक्रेता पावतीवर "खेळणी" किंवा "रोपांचे नमुने" लिहून पाठवतो. याचा अर्थ असा की डबा हरवला, चिरडला किंवा गोदामात तीन दिवस पडून राहिला तर ना त्याला दाद मागता येते, ना तुम्हाला. पुण्याच्या पार्सलचा खरा घात शेवटच्या दिवशी होतो. सकाळी डबा टेम्पोत चढतो, टेम्पो दुपारभर उन्हात दारोदार थांबतो, आणि संध्याकाळी पाचला घंटी वाजते. एप्रिल-मेमध्ये बाहेर 38 ते 40 अंश असतं, बंद टेम्पोत त्याहून कितीतरी जास्त. हाच एक टप्पा टाळता आला तर निम्मं काम होतं: पार्सल शाखेतच ठेवायला सांगा आणि सकाळी शाखा उघडताच स्वतः जाऊन आणा.

स्पीड पोस्टच्या बाबतीत एक मजेदार नियम आहे. आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या करारात जिवंत प्राणी निषिद्ध आहेत, फक्त मधमाश्या, जळवा, रेशीमकिडे आणि पिकांवरच्या किडींना खाणारे कीटक अशा मोजक्यांना सूट आहे. शेवटच्यांनाही फक्त मान्यताप्राप्त संस्थांमध्ये देवाणघेवाण करायला. देशांतर्गत काही पाठवायचं तर विक्रेत्याने खिडकीवर आधी विचारूनच पाठवावं. ट्रॅकिंगचा नंबर मात्र इथे फसवणूक पकडून देतो: 13 चिन्हं, सुरुवातीला "ई"ने सुरू होणारी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी "आयएन". नंबर तसा नसेल, किंवा तो बघायला विक्रेत्याने वेगळीच लिंक पाठवली असेल, तर पार्सल निघालेलंच नाही.

रेल्वेने कोलकात्याहून पार्सल येतं, पण हावडा-पुणे प्रवास दीड दिवसाच्या आसपासचा, आणि पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात माल उतरून हातात पडेपर्यंत आणखी वेळ. पावती मिळते एवढंच समाधान. भुंगेऱ्याच्या अळ्यांना चालतं, इतरांना नको. शहरातल्या शहरात व्यवहार असेल तर स्वतः जाऊन आणा. त्याला पाचपैकी पाच.

काय मागवावं, आणि त्यात कशी फसवणूक होते

नवख्या माणसाने अंड्यांपासून सुरुवात करावी, आणि अंड्यांत काडीकिड्याची. जगभरच्या शाळांत पाळला जाणारा भारतीय काडीकिडा, कॅरॉसियस मोरोसस, मूळचा तमिळनाडूतल्या पळणी डोंगरातला. त्यात नर क्वचितच असतात. माद्या नराशिवायच अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. म्हणून कुणी या जातीची "नर-मादी जोडी" विकत असेल तर त्याला जात ओळखता येत नाही किंवा तो तुम्हाला बनवतोय. अंडं दोन-अडीच मिलिमीटरचं, तपकिरी, एखाद्या छोट्या पिंपासारखं, आणि एका टोकाला पिवळसर टोपी. भिंगाखाली बघा. टोपीसकट झाकण निघून टोकाला गोल भोक दिसलं तर पिल्लू कधीच निघून गेलंय, तुम्हाला टरफल विकलंय. दहा-वीस अंडी काडेपेटीत कापसावर ठेवून कोणत्याही वाटेने येतात. पिल्लं निघायला साधारण चार महिने लागतात, त्यामुळे वाटेत चार दिवस गेले तरी बिघडत नाही. पिल्लांना गुलाबाची पानं चालतात, फक्त औषध न मारलेली. नर्सरीतून आणलेल्या गुलाबावर फवारणी असतेच. निदान दोन महिने घरी वाढवलेल्या झाडाची पानं द्या.

खंडोबाच्या किड्याच्या अंडीघरात फसवणूक जास्त चालते. बाहेरून फेसासारखं वाळलेलं ते घर नवं-जुनं सारखंच दिसतं. मधल्या शिरेवर बारीक दोऱ्यांना लोंबणारी वाळकी सालं दिसली तर पिल्लं निघून गेलेली आहेत. बाजूला टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं असतील तर आत परजीवी गांधीलमाशी वाढून बाहेर पडली आहे. दोन्ही बाजूंचे जवळून काढलेले फोटो मागा. जिवंत पिल्लू मागवायचं तर तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतलं. पहिल्या अवस्थेतलं वाटेत सुकून मरतं.

राणीमुंगी मागवताना छातीकडे बघा. राणीची छाती कुबड आल्यासारखी फुगीर असते, आणि पंख गळले असतील तर दोन्ही बाजूंना त्यांच्या खुणा राहतात. कामकरी मुंगीची छाती अरुंद असते, डोकं कितीही मोठं असलं तरी. नराचं डोकं बारीक, अंग सडपातळ, आणि तो थोड्याच दिवसांत मरतो. जूनच्या पहिल्या पावसात पंखवाल्या मुंग्या दिव्याखाली ढिगाने पडतात; त्या गोळा करून तशाच परीक्षानळीत भरून "राणी" म्हणून विकणारे असतात. पंख टाकले म्हणजे राणी फळली, म्हणजे तिचं नराशी मिलन झालं, असंही नाही. न फळलेली राणीही अंडी घालते, पण त्यांतून फक्त नर निघतात. त्यामुळे नुसती राणी न घेता पहिल्या कामकरी मुंग्या निघालेली नळी घ्या; महाग पडते, पण तेच पैसे सत्कारणी लागतात. नळीच्या बंद टोकाला पाणी आणि त्यापुढे कापसाचा बोळा असतो; तो पाण्याचा भाग काठोकाठ भरलेला हवा. पाण्यामागे हवेचा फुगा राहिला तर उन्हात ती हवा फुगते, कापसातून पाणी पुढे ढकलते आणि राणी बुडते. वाटेत मेलेल्या राण्यांत हे कारण फार वेळा दिसतं, आणि ते टाळायला एक पैसा लागत नाही.

भुंगेऱ्याच्या अळ्यांत लबाडी सोपी, कारण लहान अळ्या सगळ्या सारख्याच: पांढऱ्या, इंग्रजी "सी"सारख्या वाकलेल्या. साताऱ्या-कोल्हापूरच्या उसातली हुमणी आणि कोकणातल्या शेणखताच्या ढिगातली गेंड्या भुंग्याची अळी "परदेशी" म्हणून खपवली जाते. गेंड्या भुंगा नारळाची कीड आहे, हुमणी उसाची. फसलात तरी ती बागेत सोडून देऊ नका. खात्री हवी तर आई-बापाचा आणि अळीचं वजन घेतानाचा व्हिडिओ मागा. अळ्या एकेकट्या डब्यात, कुजलेल्या पानांच्या खताने गच्च भरून यायला हव्यात. डबा अर्धा रिकामा असेल तर अळी प्रत्येक खड्ड्यात आपटते आणि काळी पडते.

रेशीमकिड्यांसाठी पार्सलची गरजच नाही. इंदापूर-बारामतीकडे रेशीम शेतकरी आहेत. मुलाच्या हौसेपुरत्या वीस-पंचवीस अळ्या विनंती केली तर मिळतात. अख्खा अंडीपुंज घेऊ नका, त्यात चारशे-पाचशे अंडी असतात आणि तेवढी तुती शहरात आणणार कुठून? सातेरी मधमाश्यांची पेटी पार्सलने मागवायची तर मुळीच नाही. गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आधी तिथे जा.

डबा कसा असावा

बाहेर थर्माकोलचा डबा, आत घट्ट बसणारे छोटे प्लास्टिकचे डबे, मधल्या जागेत चुरगळलेला कागद. आतल्या झाकणाला टाचणीची पाच-सहा भोकं पुरतात. किडे दोन दिवसांत हवेवाचून मरत नाहीत, उष्णतेने आणि ओलाव्याने मरतात. म्हणून पिळून घेतलेला टिश्यू हवा, टपकणारा नको. केळं, काकडी काहीही नको, ते सडून डबाभर पाणी करतं. खंडोबाच्या किड्याला लटकायला झाकणाच्या आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवलेला हवा, आणि सोबत खाद्य म्हणून जिवंत रातकिडा तर अजिबात नको. कात टाकताना तो किड्यालाच कुरतडतो. बर्फाची पिशवी ठेवायची असेल तर वर्तमानपत्राच्या पाच-सहा थरांत गुंडाळून बाहेरच्या डब्यात, आतल्या डब्याला न टेकवता. पॅक केलेल्या डब्याचा फोटो मागायला संकोच करू नका.

डबा हातात आल्यावर

सील, पत्त्याचं लेबल आणि उघडणं हे सगळं एकाच अखंड व्हिडिओत घ्या. मधे थांबवलात तर विक्रेता तो मानत नाही, आणि "मेलेला पोचला तर दुसरा देऊ" ही हमी बहुतेक जण दोन तासांच्या आतल्या व्हिडिओवरच देतात. ती मुदत पैसे देण्यापूर्वीच लिहून घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बसमधून आलेला किडा गारठून निपचित पडलेला असतो; व्हिडिओ लगेच पाठवा, पण किडा टाकून देऊ नका. घरात सावलीत चार तास ठेवा, पाण्याचा बारीक फवारा द्या, मिशा हलतात का बघा. उष्णतेने मेलेल्याचं अंग मऊ पडतं आणि वास येतो, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. जिवंत असेल तर आधी पाणी, खाणं दुसऱ्या दिवशी. आधीचे किडे असतील तर नव्याला आठवडाभर वेगळं ठेवा, माइट (अंगाला चिकटणारे बारीक परजीवी) लागलेले असतात.

पार्सल आलंच नाही आणि विक्रेत्याने ब्लॉक केलं तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता येण्याची शक्यता त्या पहिल्या काही तासांतच असते. फोनवर यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात, ते समोर ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार, सोबत संभाषणाचे स्क्रीनशॉट. विक्रेता हजर आहे पण हमी पाळत नाही, असा वाद असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. रक्कम तीनशे रुपयांची असली तरी तक्रार करा, कारण तोच खाते क्रमांक आणखी कुणाच्या तक्रारीत आलेला असू शकतो.